मानाचा नारळ

वांढेराच्या इस्पितळात देणाऱ्याचं नाव भिंतीवर लावायला बंदी आहे. कच्छात असं दुसरं गाव दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. इकडचा माणूस पाणपोईला मडकं देईल, तर त्यावर आधी आजोबांचं नाव कोरून घेईल. पंख्यांच्या पात्यांवर तीन-तीन पिढ्या गरगरत असतात. कबुतरांच्या चबुतऱ्यावर दाण्यांपेक्षा नावं जास्त, त्यामुळे इकडची कबुतरं अर्धपोटी, पण साक्षर.

वांढेराचं इस्पितळ बांधलं नरशीकाकांनी. झांझिबारला लवंगा विकून त्यांनी पैसा केला आणि म्हातारपणी पोट बिघडलं म्हणून मुंबईच्या एका दवाखान्यात पडले. खाटेच्या बरोब्बर वर पंखा, आणि पंख्यावर नाव कुणाचं? लवंगांच्या सौद्यात ज्यानं त्यांना बुडवलं त्याचं. डोळे उघडले की तो गरगरतोय, मिटले की त्याचा वारा लागतोय. नरशीकाका बरे न होताच गावी परत आले आणि आल्या आल्या इस्पितळाचा पाया घातला. नियम त्यांनीच घालून दिला. देणाऱ्यानं आपलं नाव लावायचं नाही. जे द्यायचं ते दुसऱ्या कुणाच्या तरी मानाखातर द्यायचं, पाटी त्याच्या नावाची लावायची, आणि तो दुसरा आपल्या रक्ताचा किंवा घरचा नसावा. ज्याच्या मानाखातर दिलं त्यानं स्वतः येऊन पाच माणसांत नारळ घ्यायचा. नारळ घेईपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. मान नाकारता येणार नाही, आणि एकदा बोललेलं नाव बदलता येणार नाही.

माणसाच्या अहंकाराची नांगी मोडली, या समाधानात नरशीकाका गेले. नांगी मोडली की विंचू तोंडानं चावायला शिकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली काही वर्षं बरी गेली. लोकांनी शाळामास्तरांच्या मानाखातर खाटा दिल्या, पाणी भरणाऱ्या बायांच्या मानाखातर टाकी दिली. एका कर्जबुडव्यानं आपल्या सावकाराच्या मानाखातर बाकडं दिलं, आणि सावकाराला एवढा गहिवर आला की त्यानं व्याज सोडलं. मुद्दल नाही सोडलं. गहिवरालाही मर्यादा असते.

मग वेरशी लधानं पंखा दिला.

वेरशीचं कपाशीचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता आणि खेराज पुनशीची लाकडाची वखार. दोघांच्या घरांची भिंत एकच. वेरशी मोजून बोलायचा, मोजून जेवायचा, मोजून हसायचा. खेराजच्या जिभेला हाड नव्हतं. ती तोंडात कमी आणि गावात जास्त असायची. तरी दोघांचं सख्य असं, की एकाला शिंक आली तर दुसऱ्याचं नाक गळायचं. वेरशीला मूलबाळ नव्हतं. खेराजची एकुलती एक दमयंती वेरशीच्याच ओसरीतल्या झोपाळ्यावर वाढली. वेरशीच्या बायकोनं, पुरबाईनं, तिच्या वेण्या घातल्या. वेरशीनं तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आणि, गाव सांगतं, जत्रेत न मोजता पैसे खर्च केले. दमू त्याला काका म्हणायची आणि बापाला बापा. हाक कुणालाही मारली तरी ओ दोघं द्यायचे.

तर वेरशीनं आपल्या प्राणजीवन मास्तरांच्या मानाखातर पंखा दिला. पंखा जरा हळू फिरायचा. मास्तर नारळ घेत असताना खेराजनं मान वर केली आणि म्हणाला, "देणारा कोण ते विचारायलाच नको. बघा, एकेक पातं मोजतोय, हिशेब जुळला की मगच पुढचं सोडतोय!"

गाव हसलं. वेरशीही हसला, मोजून. पण त्या रात्री तो जेवला नाही.

वर्षाच्या आत वेरशीनं इस्पितळाला कुत्रं चावलेल्यांचा वॉर्ड दिला. कुणाच्या मानाखातर? तर श्री. खेराज पुनशी यांच्या. जन्मात दोन वाक्यं सलग न बोललेला वेरशी त्या दिवशी उभा राहून म्हणाला, "खेराजभाईंच्या तोंडानं गावाची इतकी वर्षं सेवा केली. हा मान दुसऱ्या कुणाचा असणार?" खेराजला हसत हसत नारळ घ्यावा लागला. न यावं तर हरलो असं होतं.

मग काय, पेटलंच. खेराजनं वेरशीच्या मानाखातर संडास दिले. संडास म्हणजे कसले! मकराण्याचा संगमरवर, इतका पांढरा की शेजारच्या गावांतली वऱ्हाडं नवरा-नवरीला घेऊन बघायला यायची, आणि बसचा कंडक्टर थांबा आला की ओरडायचा, "चला, वेरशीभाई उतरा!" वेरशीनं खेराजच्या मानाखातर वेड्यांची खोली दिली. खेराजनं वेरशीच्या मानाखातर शवागार दिलं. त्याचं यंत्र राजकोटहून आलं, आणि ते इतकं गार पडायचं की वैशाखात ट्रस्टी शाली पांघरून तिथंच बैठक घ्यायचे. एकदा तर चहा कपातच गोठला, आणि ट्रस्टचे चिटणीस डुंगरशीभाईंनी तो चोखून संपवला.

इस्पितळाची भरभराट झाली. माणसाला ज्याची ज्याची लाज वाटते, त्या प्रत्येक गोष्टीची तिथं उत्तम सोय होती. नव्हती ती एकच, बाळंतपणाची खोली. बाळंतपणाची खोली देऊन कुणाचा अपमान कसा करायचा? त्यामुळे गावातल्या बाया कुत्रं चावलेल्यांच्या वॉर्डात, पडद्याआड, खेराजच्या नावाखाली बाळंत व्हायच्या. आणि त्या भरभराटीत दमूनं एक दिवस काकाच्या दारात जाणं बंद केलं, कारण बापानं मधल्या भिंतीतली खिडकी विटांनी बुजवली.

ती दमू आता सातव्या महिन्यात, ओटी भरून, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची आई मांकबाई तिला घेऊन इस्पितळात गेली आणि परत आली ती डॉक्टरीणबाईंनाच बरोबर घेऊन. इला अंजारिया त्यांचं नाव. भुजच्या. बाई रागीट, ताप आलेला माणूस त्यांना बघून घामानंच बरा व्हायचा.

"खेराजभाई," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मुलीच्या अंगात रक्त नाही. मूल लहान आहे, आणि मला ते लवकर येईलसं वाटतंय. लवकर आलेलं मूल काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. माझ्याकडे पेटी नाही, खोली नाही, धड दिवा नाही. तुमच्या गावात मेलेल्याला गार ठेवायची सोय आहे. जन्मलेल्याला ऊब द्यायची नाही."

"नववा लागला की आपण भुजला नेऊ ना, बेन."

"नवव्यात नेणार म्हणता. ते आठव्यात आलं तर?"

खेराज काहीतरी गमतीचं बोलणार होता. मांकबाईनं त्याच्याकडे बघितलं, आणि ते त्यानं गिळलं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मांकबाई म्हणाली, "शवागाराला पैसे होते."

"अगं, ते वेगळं होतं."

"हो, वेगळंच. तिथं तुमची चैन होती."

"देतो म्हटलं ना खोली! पण कुणाच्या मानाखातर देऊ? दमूचं नाव चालत नाही. रक्ताचं आहे."

मांकबाई रोटला थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जिनं वेण्या घातल्या, ती रक्ताची नाही. ज्यानं खांद्यावर घेतलं, तोही नाही."

खेराजनं चुलीकडे बघितलं. मग उठला, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "खरंच की! दुसरं नाव असूच शकत नाही." त्याला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की ताकाचा दुसरा तांब्या त्यानं मागून घेतला. मनात काही काळंबेरं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण गावात त्याच्यावर विश्वास ठेवणारा तेव्हाही कुणी नव्हता आणि आजही नाही.

रविवारी देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून, लोक बाहेर पडले की महाजनवाडीच्या ओट्यावर दानं बोलली जात. खेराज उभा राहिला. "बाळंतपणाची खोली," तो म्हणाला, "काचेच्या पेटीसकट. श्री. वेरशी लधा यांच्या मानाखातर."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळा ओटा खदखदला. लोकांनी मांड्या थोपटल्या. एकानं डोळे पुसले. "अरे बापरे! वांझोट्याच्या नावानं बाळंतखोली! खेराजभाई, संडासावर कळस चढवलात!"

खेराज उभाच होता, तोंड उघडं. एवढी वर्षं तो अपमान घडवत आला होता, आणि गावातला सगळ्यात मोठा अपमान त्याच्या हातून घडला तेव्हा त्याला त्याचा पत्ताच नव्हता. "नाही हो," तो म्हणाला, "तसं नाही, मी खरंच..." यावर तर लोक आणखी हसले. खेराजला मधेच थांबून साळसूद चेहरा करायची लकब होतीच.

नाव बोललं गेलं होतं. बदलता येणार नव्हतं.

वेरशी तिथं नव्हता. त्याला बातमी पोचली ती हशासकट. त्यानं मान नाकारला नाही, नाकारता येत नव्हता. त्यानं फक्त नारळ घेतला नाही. डुंगरशीभाई पहिल्यांदा गेले तेव्हा त्याला पडसं झालं होतं. मग चुलत्याच्या साडूचं सुतक निघालं. मग मुहूर्त नव्हता. मग मुहूर्त होता पण जिनाचा पट्टा तुटला होता. डुंगरशीभाई तोच नारळ घेऊन इतक्या वेळा गेले की वाटेतली कुत्री नारळाला ओळखायला लागली. पैसे बँकेत पडून. डॉक्टरीणबाईंनी डुंगरशीभाईंना विचारलं, "पेटी तरी मागवू का?" ते म्हणाले, "बेन, नियम तो नियम. उद्या नरशीकाकांचे पुतणे कोर्टात गेले, तर माझं घर विकावं लागेल."

दमूचे पाय सुजायला लागले होते.

शेवटी खेराज स्वतः वेरशीच्या दारी गेला. अकरा पावलांचं अंतर, पण वाटेत तो दोनदा मागे फिरला. पुरबाईनं दार उघडलं, पाट टाकला आणि पाण्याचा तांब्या ठेवला. वेरशी झोपाळ्यावर बसला होता. झोपाळा हलत नव्हता.

"वेरशी, मी सरळ मनानं दिलंय रे."

"तुझं कुठलं दान सरळ होतं, खेराज? संडास का शवागार?"

"ते वाकडं होतं. हे सरळ आहे. दमू तुमच्या अंगणात वाढली, म्हणून तुझं नाव घेतलं. दुसरं काही मनातच आलं नाही."

"दुसरं काही मनातच आलं नाही," वेरशी म्हणाला. "माझं घर रिकामं आहे, हे तुझ्या मनातच आलं नाही. सगळ्या गावाच्या आलं."

"दमूची शपथ."

वेरशी पाय टेकून बसला. आत पुरबाईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

"कशी आहे पोरगी?"

"पाय सुजलेत. डॉक्टरीण म्हणते, लवकर येईल."

वेरशीनं भिंतीकडे, जिथं पूर्वी खिडकी होती तिथं, बघितलं. मग म्हणाला, "मी येतो. पण तू आधी ओट्यावर उभा राहा. सगळ्यांदेखत म्हण की संडास द्वेषानं दिला, शवागार द्वेषानं दिलं, आणि ही खोली मनापासून देतो. एवढंच. हसायचं नाही आणि हसवायचं नाही. मी अनवाणी येऊन नारळ घेईन."

"एवढंच ना? उद्या म्हणतो."

तो उद्या काही केल्या उजाडेना. रविवार आला की खेराजचं काहीतरी निघायचं. एका रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी त्याचा घसा बसला, आणि तो चहा पिताच सुटला. वखारीत एकटा असताना तो वाक्य म्हणून बघायचा. समोर सागाचे ओंडके. त्यांना ते पटायचं. ओंडके हसत नाहीत, म्हणून जमत होतं.

"आज म्हणणार का?" मांकबाई रोज विचारायची.

"शब्द जुळवतोय."

"आयुष्यभर न जुळवता बोललात. आताच जुळवायला बसलात."

अखेर एका रविवारी तो उभा राहिला. ओटा गच्च भरला होता. खेराज पुनशी माफी मागणार आहे ही बातमी आजूबाजूच्या गावांतही गेली होती, आणि शेंगदाणेवाल्यानं गाडी आणून लावली होती. खाली एका बाजूला वेरशी उभा. त्यानं जोडे काढून ठेवले होते. डुंगरशीभाईंच्या हातात नारळ होता, आणि पाच माणसं निवडून पुढं बसवली होती.

खेराजनं घसा साफ केला. "संडास मी द्वेषानं दिला," तो म्हणाला.

खाली वेरशीनं मान वर केली.

"शवागारही द्वेषानंच दिलं."

मागे कुणाचं तरी खुसखुसणं सुरू झालं. खेराजनं ते ऐकलं. माणसाला बिडीची तलफ येते, अफूची येते. खेराजला हशाची यायची. ती खुसखूस त्याच्या कानातून उतरत उतरत जिभेच्या मुळाशी आली. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. ही खोली मनापासून देतो. पाठ होतं. ओंडक्यांसमोर शंभरदा म्हटलेलं.

"पण एक सांगतो," त्याची जीभ म्हणाली, "रोज सकाळी ज्याच्या दारात अख्खं गाव पोट धरून रांग लावतं, एवढा मान कच्छच्या राजालाही नव्हता!"

हसून हसून महाजनवाडीचे पत्रे थरथरले म्हणतात. शेंगदाणेवाला गाडीवरच आडवा झाला. पुढं बसवलेल्या पाचांपैकी चौघं हसले, आणि पाचवा बहिरा होता. खेराज हात वर करून ओरडत होता, "थांबा, थांबा, अजून आहे, खरं बोलायचं अजून आहे," आणि लोकांना वाटत होतं, अजून गंमत आहे.

वेरशीनं वाकून जोडे घातले. एक पाय नीट जात नव्हता; त्यानं तो हातानं सारखा केला. मग गेला.

बुधवारी दुपारी दमूला कळा लागल्या. आठवा महिना पुरा झाला नव्हता. कुत्रं चावलेल्यांच्या वॉर्डात पडदा ओढला. डॉक्टरीणबाईंनी काय करता येईल ते सगळं केलं. मुलगा झाला, मांजराच्या पिल्लाएवढा. त्याला कापसात गुंडाळलं, दोन्ही बाजूंनी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, आणि वखारीच्या जीपमधून आईला आणि त्याला भुजकडे नेलं. बाई सारख्या त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून बसल्या होत्या. अर्ध्या रस्त्यात त्यांनी बोटं काढून घेतली. ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता आईसाठी चालव." खेराज पुढं बसला होता.

दमू वाचली. भुजला महिनाभर राहिली आणि तिथूनच सासरी गेली. वांढेराला आली नाही. तिला निरोप द्यायला खेराज मोटारीजवळ उभा होता. डोळे वर करून ती म्हणाली, "बापा, ती गंमत मला सांगा ना."

"कुठली गं?"

"ओट्यावरची. सगळं गाव हसलं म्हणे. मी तेवढी ऐकायची राहिले."

खेराजनं मोटारीच्या दाराला धरलं. मोटार सुटली तरी त्याचा हात तसाच, दार धरल्यासारखा.

त्याआधी, दमूला भुजला ठेवून जीप खेराजला घेऊन परत आली त्याच दिवशी वेरशी इस्पितळात गेला होता. "नारळ द्या," म्हणाला. डुंगरशीभाई म्हणाले, "पाच माणसं लागतात, वेरशीभाई. जरा बसा, बघतो कोण सापडतं." आणि ते खरोखर बाहेर जाऊन दोन रोगी, एक वॉर्डबॉय, एक दूधवाला आणि तोच बहिरा घेऊन आले. नारळ इतका जुना झाला होता की आत पाणी राहिलं नव्हतं. हलवला तर खडखड वाजायचा. वेरशीनं तो घेतला, छातीशी धरला आणि तसाच भेटायला म्हणून खेराजच्या घरी आला.

खेराज भुजहून नुकताच परतला होता, भिंतीला टेकून बसलेला. वेरशी समोर बसला. मांकबाईनं दोघांमधे पाण्याचा तांब्या ठेवला.

"वहिनी," वेरशी म्हणाला, "मला वाटलं अजून वेळ आहे."

"यांनाही तेच वाटलं," मांकबाई म्हणाली. "बसा दोघं. दोघांनी मिळून केलंय, दोघांनी मिळून बसा." आणि ती आत गेली. ती दोघांशी पुढं फारसं बोललीच नाही, आणि जिच्यासाठी माहेर मांडलं होतं तिला भेटायला वर्षातून चारदा एकटी बसनं जाऊ लागली.

खोली झाली. काचेची पेटी आली. दारावर पाटी लागली, श्री. वेरशी लधा यांच्या मानार्थ. उघडायच्या दिवशी सारं गाव लोटलं. रिवाज असा, की देणाऱ्यानं, ज्याला मान दिला त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे. नाव लावता येत नाही म्हणून नरशीकाकांनी देणाऱ्याला तेवढी एक खिडकी ठेवली होती. पुरबाई बायकांत डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मांकबाई आली नव्हती. डॉक्टरीणबाई पेटीजवळ हात मागे बांधून उभ्या होत्या.

खेराज पुढं आला. त्याचे गाल बसले होते, आवाज खोल गेला होता. लोक सरसावून बसले. लेकराच्या आठवणीनं काहींनी डोळ्यांना पदर लावला होता, पण कान सगळ्यांचे टवकारलेले होते.

"वेरशी चांगला माणूस आहे," तो म्हणाला.

मागच्या रांगेत कुणाला तरी हसू आवरेना. त्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं, आणि मग शेजारीही हसला.

"त्यानं माझी मुलगी खांद्यावर वाढवली. माझ्यापेक्षा जास्त त्यानंच वाढवली. ही खोली मी त्याला मनापासून देतो."

आणि थांबला. हे वाक्य त्याला आधीच म्हणायचं होतं. ते आता म्हटलं, आणि घशात काही राहिलं नाही. पण लोकांना ती थांबण्याची लकब ओळखीची होती. थांबला म्हणजे शेपूट येणार. ते शेपटाची वाट बघत राहिले, आणि वाट बघता बघताच एकाला फुटलं, मग दुसऱ्याला. ज्यांनी डोळ्यांना पदर लावले होते त्यांनी तो तोंडाला लावला. खोलीच्या नव्या भिंतींत हसण्याचा आवाज दुप्पट होत होता.

खेराज एकेका चेहऱ्याकडे बघत होता. यातला प्रत्येक चेहरा त्यानंच घडवला होता, वर्षानुवर्षं, रविवारी रविवारी.

वेरशी त्याच्या शेजारी उभा होता. तो हसला नाही. ओठ न हलवता म्हणाला, "पुढचं बोल, खेराज. तू थांबलास तर हे हसतच राहतील."

"पुढं काही नाही रे," खेराज म्हणाला. "एवढंच होतं."

ते पहिल्या रांगेनं ऐकलं, मागच्यांना सांगितलं, आणि सगळे पुन्हा हसले.